वाचकांचे प्रश्न : सायलेन्सरची रबरे

पावसाळा सरून सोयाबीन निघायला लागले, की या सदराकडे गाडीखालच्या आवाजांची पत्रे येऊ लागतात. उखडलेल्या डांबराचा आणि पांदणीतल्या चाकोऱ्यांचा मार गाडीने चार महिने खाल्लेला असतो आणि तो आता ऐकू येऊ लागतो. यंदाची बरीचशी पत्रे फिरून एकाच वस्तूपाशी येऊन थांबली, म्हणून या वेळचे सदर सायलेन्सरला टांगून धरणाऱ्या रबरांसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे. शाळेसाठी रोज खेड्यावर जाणे-येणे होते. दोन महिन्यांपासून गतिरोधकावरून जाताना मागून ‘धप्प’ असा आवाज येतो आणि गाडी उभी असताना एसी लावला की पायाखालचा पत्रा थरथरतो. एका मिस्त्रींनी शॉकअप बदलायला सांगितले, दुसऱ्यांनी सायलेन्सरचे रबर गेले असे सांगितले. कोणाचे खरे मानावे? मला स्वतःला काही बघता येईल का?
– एक शिक्षिका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : दुसऱ्या मिस्त्रींचे म्हणणे खरे असण्याची शक्यता मला जास्त वाटते आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. शॉकअपचा दोष चाक वर-खाली होताना दिसतो. उभ्या गाडीत तो पत्रा थरथरवत नाही. गाडी जागेवर असताना कंपन पायापर्यंत येत असेल, तर इंजिनाशी जोडलेली एखादी गोष्ट पत्र्याला टेकते आहे किंवा तिच्या मधले रबर आपले काम करत नाही, असे समजावे. एसी लावला की इंजिनावर भार पडतो, त्याचा हेलकावा बदलतो आणि टेकलेली जागा वाजू लागते.

इंजिनातून निघालेला धूर मागच्या बंपरखालून बाहेर पडेपर्यंत जे पाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) आणि इतर डबे लागतात, त्या सगळ्याला आपण सरसकट सायलेन्सर म्हणतो. पुढच्या टोकाला तो इंजिनाला बोल्टांनी पक्का असतो. तिथून मागे मात्र तो गाडीच्या तळाला टांगलेला असतो. पाइपाला एक वाकवलेली सळई वेल्ड केलेली असते, तळाच्या पत्र्याला दुसरी असते आणि या दोन सळयांना जोडणारे, तळहाताहून लहान असे जाड काळ्या रबराचे कडे असते. गाडीच्या मॉडेलनुसार अशी साधारण तीन ते सहा रबरे असतात. त्याऐवजी बोल्ट का आवळत नाहीत, हे समजले की बाकीचे सगळे आपोआप समजते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी नुसते उभे चालू असले, तरी सेकंदाला सुमारे २७ वेळा त्याच्या आत इंधनाचा भडका उडतो आणि प्रत्येक भडक्याचा धक्का पाइपात उतरतो. शिवाय लोखंड तापले की लांबते. ३ मीटरचा पाइप सरासरी २०० अंशांनी तापला, तर तो सुमारे ७ मिलिमीटरने लांब होतो आणि थंड झाला की पुन्हा आखडतो. हे हलणे आणि हे लांबणे पोटात घेण्याचे काम ती रबरे करतात. ती ताठरली, फाटली किंवा ताणून लांब झाली, की तोच धक्का पत्र्यात जातो आणि पत्र्यातून तुमच्या पायांत.

तुम्हाला स्वतःला जे बघता येईल, ते सकाळी गाडी सुरू करण्याआधी बघावे. चाललेल्या गाडीचा सायलेन्सर काही तास तरी थंड होऊ द्यायला हवा, कारण कन्व्हर्टरजवळचा भाग कित्येकशे अंशांपर्यंत तापतो आणि दिसायला तो थंड असतानाही तसाच दिसतो. गाडीखाली शिरण्याची गरज नाही. मागे उकिडवे बसून आधी नुसते पाहावे, की सायलेन्सरचे बाहेर निघालेले टोक बंपरच्या खाचेत मधोमध आहे की एका बाजूला कलले आहे. मग हातात जाड फडके घेऊन ते टोक धरावे आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवावे. चांगला सायलेन्सर थोडा हलतो आणि सोडला की गुपचूप आपल्या जागी येतो. हलवताना ‘टण’ असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, किंवा गतिरोधकावरचा तोच ‘धप्प’ तुमच्या हातून निघाला, तर तुमचा प्रश्न तिथेच सुटला. शेवटी मोबाइलची बॅटरी लावून आत डोकवावे. मागचे एक-दोन रबर बहुतेक गाड्यांत तेवढ्यावरूनच दिसतात.

पुढची रबरे बघण्यासाठी गाडी गॅरेजच्या रॅम्पवर किंवा पिटवर घ्यावी लागेल आणि त्या वेळी तुम्ही स्वतः शेजारी उभे राहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वरून काळे आणि धडधाकट दिसणारे रबर अनेकदा आतून संपलेले असते. भेग बहुधा भोकाच्या त्या कडेला सुरू होते जिथे सळईचा भार पडतो, आणि पेचकसाने रबर किंचित ताणल्याशिवाय तिचे तोंड उघडत नाही. मी गेल्या आठवड्यात एका गाडीतून काढलेले रबर आणि त्याच मापाचे नवे रबर समोर ठेवूनच हे उत्तर लिहितो आहे. नव्याचे भोक गोल आहे. जुन्याचे ताणून डोळ्याच्या आकाराचे झाले आहे. नवे अंगठ्याने दाबले की दबते आणि लगेच फुगून येते. जुने दबतच नाही. जुने वाकवले तेव्हा भोकाच्या खालची भेग उघडली आणि तिच्या तळापर्यंत वाळलेल्या काळ्या मातीची बारीक रेघ दिसली. म्हणजे यंदाच्या चिखलात गाडी शिरली तेव्हा ही भेग तिथे होतीच आणि ते रबर सगळा पावसाळा अर्ध्या ताकदीवर लटकत होते. बाहेरून पुसून पाहिले असते तर ते कोणालाही चांगलेच वाटले असते.

रबराबरोबर आणखी एक खूण शोधावी. पाइप किंवा डबा जिथे तळाच्या पत्र्याला, मागच्या ॲक्सलला किंवा उष्णतारोधक पत्र्याला घासतो, तिथला गंज आणि धूळ निघून जाऊन लोखंड चकचकीत झालेले असते. अशी चकाकणारी जागा सापडली, तर कोणते रबर खाली बसले आहे हे त्यावरून चटकन कळते. गाडी रिकामी असताना आवाज नाही आणि पाच माणसे बसली की आवाज येतो, अशी तक्रार काहींनी कळवली आहे. तिथे बहुतेक वेळा ॲक्सलजवळच अशी घासल्याची खूण मिळते, कारण वजनाने गाडीचा तळ खाली येतो आणि रबर बसल्यामुळे आधीच कमी झालेले अंतर पुरत नाही.

एक रबर तुटले तरी गाडी चालते, म्हणून बरेच लोक ते तसेच ठेवतात. मला याचे वाईट वाटते, कारण तुटलेल्याचा भार शेजारच्यावर जातो, मग ते जाते, आणि शेवटी सगळा हेलकावा इंजिनालगतच्या फ्लेक्सिबल पाइपावर येतो. जाळीच्या आवरणातला हा पाइप वाकण्यासाठी बनवलेला असला, तरी सायलेन्सरचे ओझे पेलण्यासाठी बनवलेला नाही. तो फाटला की खर्च रबराच्या कितीतरी पट होतो.

प्रश्न : रबरे घरीच बदलावी असा विचार आहे. गाडीसोबत आलेला जॅक, पाने आणि पक्कड माझ्याकडे आहेत. अंगण मातीचे आहे. काय काळजी घ्यावी?
– एक शेतकरी, मेहकर तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : काम अवघड नाही, पण तुमच्या पत्रातले ‘अंगण मातीचे आहे’ हे वाक्य वाचून मी थांबलो. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वरून वाळलेली दिसते, आत ओल असते, आणि टेकवलेला जॅक एका बाजूने हळूहळू खचतो. गाडीसोबत मिळणारा जॅक पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता असतो; त्याच्या भरवशावर गाडीखाली अंग घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. गावात कोणाकडे सिमेंटचे खळे, गोदामाचा ओटा किंवा पिट असेल तर तिथे जा. ते नसेल तर गॅरेजवाल्याकडून दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी स्टँड) मागून आणा, सपाट आणि घट्ट जागी त्यांच्याखाली जाड, रुंद फळी घाला, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गोटे लावा. गाडी घोड्यांवर टेकवल्यावर, आत शिरण्यापूर्वी, बाहेरून हाताने जोर लावून ती हलते का हे बघा. विटांवर किंवा सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांवर गाडी कधीही ठेवू नका. ते भाराखाली सूचना न देता फुटतात. एकटे असताना हे काम करू नका आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण वर पाहत काम करताना सगळा गंज आणि वाळलेला चिखल तोंडावर पडतो.

नवी रबरे आणताना जुने काढून दुकानात नेणे सगळ्यात चांगले. ते जमत नसेल तर गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन पेट्रोल की डिझेल हे सांगावे, कारण एकाच गाडीत पुढचे आणि मागचे रबर वेगळे असू शकते. बहुतेक रबरे ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात. कन्व्हर्टरजवळची काही गाड्यांत जास्त उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची असतात. ती दिसायला सारखी असली तरी पुढच्या जागी मागचे बसवले, तर ते थोड्याच दिवसांत कडक होते. दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला माल वाकवून बघावा आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर सरळ परत द्यावा.

काढण्यापूर्वी प्रत्येक रबराचा मोबाइलवर फोटो घ्यावा. काहींची एक बाजू जाड असते, काहींवर बाण असतो, आणि उलटे बसले तर सायलेन्सर वर किंवा खाली राहतो. मग सायलेन्सरच्या डब्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दुसऱ्या छोट्या जॅकने त्याला फक्त टेकू द्यावा, वर ढकलू नये. टेकू दिल्याशिवाय रबर काढले, तर सगळे वजन एकदम फ्लेक्सिबल पाइपावर येते, म्हणजे जे टाळायचे तेच आपल्या हातून घडते. एका वेळी एकच रबर बदलावे. सगळी एकदम काढू नयेत.

सळईच्या टोकाला फुगीर डोके असते आणि रबर त्यावरून ओढून काढायचे असते. वर्षानुवर्षांच्या गंजाने ते चिकटून बसते. गंज सोडवणारा स्प्रे सळईवर मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, मग रबर आधी थोडे गोल फिरवावे आणि पेचकस किंवा टॉमीच्या आधाराने डोक्यावरून ढकलावे. तरीही निघाले नाही तर धारदार पात्याने कापून काढावे, मात्र पाते ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्यांकडे जाणार नाही असे धरावे. रबर जाळून काढण्याची पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे. त्या जागेपासून हात-दीड हातावर पेट्रोलची टाकी असते, एवढेच सांगतो आणि ती पद्धत वापरू नका अशी कळकळीची विनंती करतो.

सळई मोकळी झाली की तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावी आणि स्प्रेचा ओलावा फडक्याने पुसून टाकावा. नवे रबर सहज सरकावे म्हणून साबणाचे दाट पाणी लावावे. ते वाळून जाते आणि रबराला काही करत नाही. इंजिन ऑइल, ग्रीस किंवा डिझेल लावू नये, कारण ईपीडीएमचे रबर खनिज तेलाने फुगते आणि भुसभुशीत होते. आधी तळाच्या सळईवर रबर चढवावे, मग पाइप किंचित उचलून दुसऱ्या भोकात सळई घालावी. डोके रबराच्या पलीकडे पूर्ण बाहेर आले पाहिजे. अर्धवट बसलेले रबर पहिल्याच खड्ड्यात निसटते. सगळी बसवून टेकू काढल्यावर सायलेन्सर सगळीकडे मोकळा लोंबतो का, टोक मधोमध आहे का, हे पाहावे. मधला एखादा जोड उघडला असेल तर त्याचे गॅस्केट नवे घालावे आणि सायलेन्सर सरळ लोंबू लागल्यानंतरच त्याचे बोल्ट आवळावेत. आधी आवळून मग रबरे चढवली, तर पाइप पिळात राहतो आणि नवी रबरेही तिरपी ओढली जातात. शेवटी पाच-सहा किलोमीटर गाडी फिरवून आणावी आणि ती पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाहावी.

प्रश्न : सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पाणी टपकते. रबर गेल्यामुळे पाणी आत शिरते का?
– एक वाचक, उमरेड तालुका, जि. नागपूर

उत्तर : नाही. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते आणि थंड पाइपात तिचे पाणी होते. डब्याच्या तळाला बारीक छिद्र दिसले तर तेही बहुधा कंपनीनेच पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेले असते. वेल्ड करून बुजवू नका. फक्त दोन-दोन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील, तर डबा आतून गंजू नये म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी लांबवर न्यावी.

प्रश्न : आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण झाली आहे. सायलेन्सरचे रबर तुटले की मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा तार बांधतो. तीन वर्षे असेच चालले आहे. यात खरोखर काही वाईट आहे का?
– एक वाचक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : रस्त्यात गाडी अडली असताना तुम्ही जे करता ते योग्यच आहे. लोंबणारा पाइप रस्त्यावर घासत नेण्यापेक्षा तार बांधणे शहाणपणाचे. माझी हरकत आहे ती घरी पोहोचल्यानंतर ती तार तशीच राहते याला.

हा धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी आर्णीकडून दिग्रसला जाताना माझ्या गाडीचे मधले रबर तुटले. रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये बांधकामावरची काळी तार दुहेरी करून घट्ट पिळून दिली. आवाज थांबला, मीही विसरलो. दोन-अडीच महिन्यांनी सकाळी गाडी सुरू केल्यावर पुढून ‘टक टक’ असा आवाज यायला लागला आणि इंजिन तापले की तो कमी व्हायचा. बोनेट उघडून, मग खालून बघितले तेव्हा फ्लेक्सिबल पाइपाची जाळी एका बाजूने उसवली होती आणि आतल्या वळ्यांवर चिरेभोवती काजळीचा डाग पसरला होता. तार घट्ट असल्यामुळे मधला पाइप तळाला जखडला गेला होता. इंजिन डोलत होते, मागचा भाग अडकलेला होता, आणि या दोघांची ओढाताण मधल्या मऊ पाइपाने सोसली. तारेने आणखी एक केले होते. सळईला जिथे तिचा वेढा होता, तिथे करवतीने कापावी तशी खाच पडली होती.

सायकलच्या ट्यूबचे रबर या उष्णतेसाठी नसते. ते काही दिवसांत चिकट होते, मग गळून पडते. नायलॉनची दोरी त्याहून लवकर वितळते. मोडलेल्या सळईला वेल्डिंग करावे लागले, तर मिस्त्रींना आधी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडायला सांगा आणि वेल्डिंग मशीनची अर्थिंगची वायर शक्य तितकी त्या सळईजवळच लावायला सांगा, म्हणजे गाडीच्या संगणकाला धक्का बसणार नाही. तुमच्यासारखा रस्ता रोजचा असेल, तर त्या मापाचे एक नवे रबर आणि साबणाची छोटी बाटली गाडीत कायम ठेवा. तारेपेक्षा ते जास्त जागा घेत नाही.

प्रश्न : एकाच जागेचे रबर वर्षभरात तिसऱ्यांदा तुटले. तिन्ही वेळा कंपनीचेच घातले होते. पावसाळ्याआधी गाडीला खालून काळे तेलही मारून घेतो. मग चुकते कुठे?
– एक वाचक, अचलपूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : त्याच जागेचे रबर पुन्हा पुन्हा तुटत असेल तर दोष बहुधा रबरात नसतो, ते फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीचा मार खात असते. पहिला संशय इंजिन माउंटिंगवर घ्यावा. इंजिन ज्या मोठ्या रबरांवर बसलेले असते ती बसली, की गिअर टाकताना आणि क्लच सोडताना ते जास्त डोलते आणि सायलेन्सरला हिसका देते. बोनेट उघडून बाजूला उभे राहावे आणि दुसऱ्याला गाडी सुरू-बंद करायला सांगावे. बंद होताना इंजिन दणका देऊन थांबत असेल तर आधी ते बघून घ्यावे. दुसरा संशय वाकलेल्या पाइपावर. पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन चाकोऱ्या खोल जातात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. लहान गाडीचा सायलेन्सर नेमका त्या उंचवट्यावर बसतो. एकदा पाइप वाकला की त्याची सळई तळाच्या सळईसमोर राहत नाही आणि रबर कायम तिरपे ताणलेले असते. नवे रबर बसवताना हाताने जोर लावून ओढावे लागले असेल, तर कारण हेच आहे.

तिसरे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे. गाडीच्या तळाला जळके तेल किंवा डिझेल फवारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि पत्रा गंजू नये हा तिचा हेतू चांगला आहे. पण तेच तेल सायलेन्सरच्या आणि सस्पेन्शनच्या रबरांवर बसते आणि त्यांचा जीव घेते. शिवाय गरम पाइपावर ते धुरावते आणि त्यावर धूळ व काडीकचरा चिकटतो. गंजरोधक लेप द्यायचाच असेल तर चांगल्या ठिकाणी द्यावा, आणि सायलेन्सर, ब्रेक व सगळी रबरे झाकून मगच फवारा मारायला सांगावे. वॉशिंग सेंटरवर मी तर गाडी वर चढवल्याबरोबर ‘खाली तेल नको’ असे आधीच बजावून ठेवतो.

प्रश्न : सोयाबीनच्या दिवसांत वावरातून आल्यावर गाडीखालून जळका वास येतो. रबर जळते आहे का?
– एक वाचक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : रबरही असू शकते, पण तुमच्या बाबतीत मला कुटाराची भीती जास्त वाटते. रस्त्यावर मळणीसाठी पसरलेल्या सोयाबीनवरून किंवा वावरातल्या काडीकचऱ्यावरून गाडी गेली, की काड्या पाइप आणि उष्णतारोधक पत्रा यांच्या फटीत अडकतात. रबर बसून सायलेन्सर कलला असेल तर ही फट एका बाजूला अरुंद होते आणि तिथे काडी पक्की धरली जाते. वाळलेले कुटार पेटायला कन्व्हर्टरची उष्णता पुरेशी असते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या, बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी जाळणारा फिल्टर असतो आणि तो स्वतःला साफ करत असताना ६०० अंशांच्या आसपास तापू शकतो. म्हणून गाडी कुटाराच्या ढिगाजवळ, वाळलेल्या गवतावर किंवा पऱ्हाट्या-तुराट्यांवर उभी करू नका. घरी आल्यावर गाडी मोकळ्या जागी थांबवा, थंड होऊ द्या आणि वाकड्या सळईने फटीतल्या काड्या ओढून काढा. वास येत असताना पाण्याची बादली जवळ असू द्या. वास रबराचा असेल, तर मागच्या बंपरची आतली कड बघा. सायलेन्सरचे टोक टेकून प्लास्टिक मऊ पडले असेल तर तिथे वितळल्याची खूण हाताला लागेल.

प्रश्न : आमच्या सात आसनी गाडीत मागे बसलेल्या मुलांना लांबच्या प्रवासात डोके दुखते आणि मळमळते. घाटामुळे होत असेल असे वाटत होते, पण सपाट रस्त्यावरही होऊ लागले आहे. सायलेन्सर काही महिन्यांपासून खडखडतो. दोन्हींचा संबंध असेल का?
– एक पालक, परतवाडा, जि. अमरावती

उत्तर : असू शकतो, आणि तुमचे पत्र हाती येताच तुमच्या पत्त्यावर वेगळे उत्तर पाठवले आहे, इतरांसाठी तेच येथे देतो. सायलेन्सरचा जोड किंवा पाइप फुटला असेल, तर धूर मागे जाण्याआधीच गाडीखाली निघतो आणि तळाच्या भोकांतून, मागच्या दाराच्या झिजलेल्या रबरातून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, आणि त्याची सुरुवातीची लक्षणे डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी हीच असतात. मुलांना गाडी लागते असे समजून आपण ती सोडून देतो.

सायलेन्सर तपासून दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीतून मुलांना नेऊ नका. अत्यावश्यक म्हणून गाडी चालवावीच लागली, तर मागचे दार घट्ट बंद ठेवा, पुढच्या काचा उघड्या ठेवा, एसीची हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण बंद करा, आणि गाडी सुरू ठेवून आत बसून राहू नका. बंद शेडमध्ये तर गाडी सुरूही करू नका. कोणाला गुंगी आली तर त्याला ताबडतोब उघड्या हवेत घ्या आणि दवाखान्यात नेऊन गाडीतल्या धुराचा संशय डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण तो सांगितल्याशिवाय त्यांना तसा अंदाज येणे अवघड असते. गॅरेजमध्ये नुसता खडखडाट थांबवून घेऊ नका. इंजिनापासून शेवटच्या टोकापर्यंत प्रत्येक जोड, फ्लेक्सिबल पाइप आणि मागच्या दाराचे रबर तपासून घ्या. जिथून धूर निघतो तिथे काजळीचा काळा डाग असतो आणि तो शोधायला रॅम्पवर दहा मिनिटे पुरतात. दुरुस्तीनंतर गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगा आणि पाइपाच्या टोकावर क्षणभर जाड ओले फडके दाबून धरायला सांगा. कुठे चीर उरली असेल तर तिथून ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो आला नाही, तरच गाडी घरी न्या.